एप्रिल-मेचे आकडे

नेदरलँड्समधल्या वेस्टरव्लीट गावच्या चर्चच्या मनोऱ्यात बेचाळीस पायऱ्या चढून गेलं की उजव्या हाताला एक भेग दिसते. फार मोठी नाही, करंगळी जेमतेम जाईल एवढीच. पण पाचशे वर्षांच्या म्हाताऱ्याला छातीत कळ आली तर ती बारीक होती की मोठी, असा वाद कोणी घालत बसत नाही. त्या भेगेवर वसुधाच्या कंपनीने पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवली होती. पट्टीचे तुकडे दोन, एक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे. एकावर मिलिमीटरच्या चौकटी, दुसऱ्यावर लाल फुली. भेग हलली की फुली सरकते. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जायचं, फुली कुठे आहे ते लिहायचं आणि खाली उतरायचं. काम म्हणाल तर एवढंच.

एक जून २०२१ च्या मंगळवारी वसुधाने त्या फुलीकडे पाहिलं. फुली जवळजवळ दोन मिलिमीटर सरकली होती. तिने चष्मा पुसून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. दोन म्हणजे दोनच. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हीच फुली अर्ध्या मिलिमीटरच्या आत गरीब गाईसारखी उभी होती.

मग एप्रिल आणि मे? त्या महिन्यांचे आकडेही फाइलमध्ये होतेच, मार्चच्या आकड्याला शोभतील असे, दशांशासकट. फक्त ते फुलीने दिलेले नव्हते. ते वसुधाने हार्लेमच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून मनाने लिहिले होते.

आता लगेच तिला लबाड ठरवू नका. लबाड माणसं मजेत असतात, निदान झोपतात तरी नीट. वसुधा दमलेली होती. तिची दमण्याची सुरुवातही त्या एप्रिलमधली नाही, जुनी आहे.

वसुधाने पुण्यात जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेतलं, चार वर्षं नोकरी केली आणि मग राघवच्या नोकरीमागून ‘डिपेंडंट’ म्हणून नेदरलँड्समध्ये आली. डिपेंडंट हा शब्द व्हिसावर असतो म्हणे, पण तो हळूहळू माणसाच्या कण्यात उतरतो. मुलगी झाली, चैत्राली. ती वाढवली, डच भाषेच्या परीक्षा दिल्या, पाहुण्यांना पवनचक्क्या दाखवल्या, नऊ वर्षं गेली. मुलाखतीला गेलं की समोरचा माणूस तिच्या बायोडेटावर बोट ठेवून अगदी प्रेमाने विचारायचा, “आणि इथे ही मोठी गॅप दिसतेय?” त्या रिकाम्या जागेचा तिने इतका धसका घेतला होता की किराणाच्या यादीतसुद्धा ती ओळ रिकामी सोडत नसे.

अखेर २०२० च्या सप्टेंबरमध्ये, जगाची दारं बंद असताना, तिचं एक दार उघडलं. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला एक छोटी कंपनी होती, जुन्या चर्चेसची तपासणी करणारी. एका वर्षाचा करार. काम बरं दिसलं तर पुढे वाढ. ऑफिस ओस पडलेलं, साहेबाचं, म्हणजे मार्टाइनचं, तोंड फक्त स्क्रीनवर. तिच्या वाट्याला पहिलं चर्च आलं ते वेस्टरव्लीटचं.

त्या चर्चची खरी ओळख तिने करून घेतली नाही, तिच्या वडिलांनी करून दिली. दिनकरराव मिरजेला असत. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांच्या हातापायांना मान्य होती, डोळ्यांना नव्हती. दर पहिल्या मंगळवारी लेक चर्चमध्ये पोहोचली की ते बनियनवर शर्ट चढवून मोबाइलसमोर बसत, जणू साइटवर निघालेत.

“दगड कुठाय गं?” पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

“दगड नाही बाबा. या देशात दगडच नाही. सगळी वीट.”

“आणि वर लाकूड का? एवढं मोठं देऊळ बांधलं आणि कमानी दगडी-विटेच्या करायला काय झालं?”

“माती पेलत नाही. खाली सगळा चिखल. वजन कमी ठेवायला छत लाकडाचं करायचे.”

“हुशार हाईत की,” दिनकरराव म्हणाले. नोकरीभर पुस्तकी मराठी लिहून दमलेला माणूस लेकीशी मात्र मिरजेचंच बोले. “आणि भिंती अशा कोऱ्या का? परवा टीव्हीवर इटलीतलं दाखवलं, तिथं तर बोट ठेवायला जागा नव्हती चित्रांतनं.”

मग तिने सांगितलं की इथेही चित्रं होती, मूर्ती होत्या. साडेचारशे वर्षांपूर्वी धर्माचा वाद पेटला, प्रोटेस्टंटांनी कॅथलिकांची चर्चेस घेतली, मूर्ती फोडल्या आणि चित्रांवर चुना फासला. दिनकरराव बराच वेळ त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले. मूर्ती फोडल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण धंद्याशी इमान सुटेना. “चुना मात्र चांगला मारलाय,” ते म्हणाले.

जमीन सगळी थडग्यांच्या शिळांची होती. पूर्वी गावातले मातब्बर लोक चर्चच्या आतच पुरून घेत. शिळांवर आकडे, नावं, कुठे होडीचं चित्र, कुठे कात्रीचं. हे कळल्यावर दिनकरराव ओरडलेच, “म्हणजे तू माणसांवरनं चालाय लागलीयास होय! चपला काढ आधी!” नोव्हेंबरची थंडी. वसुधाने खरंच बूट काढले आणि मोजे घालून त्या शिळांवरून फिरली, पाय बधिर होईपर्यंत.

भेग त्यांनी मोबाइल जवळ न्यायला लावून नीट पाहिली होती. मग म्हणाले, “मनोरा जड, तो आपला आपण खचणार. देऊळ हलकं, ते मागं राहणार. मधे ओढाताण होणारच. भेग पडली म्हणून घाबरायचं नाही. ती चालती का थांबलीय, ते बघायचं.”

चर्चची किल्ली असे मेव्राउ, म्हणजे श्रीमती, बाकर यांच्याकडे. वय अठ्ठ्याहत्तर, घर चर्चच्या समोरच. त्यांचा नवरा खेरित बाकर चर्चची झाडलोट, दिवाबत्ती आणि घंटा सांभाळायचा, त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी आजा. मार्च २०२० मध्ये पहिल्याच लाटेत खेरित गेला. गावात कोणी गेलं की मनोऱ्यातली घंटा दोराने वाजवायची ही तिथली रीत. पण वाजवणाराच गेला तर वाजवणार कोण? चर्चला कुलूप, गावाला कुलूप. उन्हाळ्यात तपासणीत ती भेग नोंदली गेली आणि घंटेवर बंदी आली. खेरितसाठी घंटा राहिली ती राहिलीच.

लस मिळेपर्यंत मेव्राउ बाकर कोणाला घरात घेत नव्हत्या. मंगळवारी किल्ली पुसून बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि स्वतः काचेमागे उभ्या राहायच्या. किल्ली परत ठेवताना वसुधा त्यांना त्या दिवशीचा आकडा मोठ्याने सांगायची. एकदा दिनकरराव म्हणाले, त्या बाईंना माझा नमस्कार सांग. वसुधाने मोबाइलच काचेला लावला. मिरजेच्या म्हाताऱ्याने हात जोडले, वेस्टरव्लीटच्या म्हातारीने हात हलवला. तिने काचेआडून ओरडून सांगितलं की हा मनोरा गाईंच्या कातड्यांवर उभा आहे, चिखलात आधी कातडी अंथरली आणि मग पाया घातला, असं गावात सगळे सांगतात. वसुधाने भाषांतर केल्यावर दिनकरराव खोकला येईपर्यंत हसले. “कातड्यावर! टेंडरात कसं लिहिलं असंल रे देवा!”

तीन एप्रिलला दिनकररावांना मिरजेत दवाखान्यात दाखल केलं. सहा तारखेला पहिला मंगळवार होता, त्या दिवशी वसुधा मोबाइल हातात धरून दिवसभर स्वयंपाकघरात उभी होती. धाकटा भाऊ नरेंद्र दर तासाला एकच वाक्य पाठवत होता, “ताई, ऑक्सिजन चालू आहे.” नऊ तारखेला ते वाक्य आलं नाही. जाण्याचा विचार झाला, पण जाऊन पोहोचेपर्यंत काही उरणार नव्हतं, आणि परत कधी येता येईल हे कोणीच सांगेना. महिनाअखेर तर भारतातून येणारी विमानंच बंद झाली. अग्नी कोणी दिला, तर पांढऱ्या पोशाखातल्या अनोळखी माणसांनी. नरेंद्र लांब रस्त्यावर उभा होता. त्याने पाठवलेली चार मिनिटांची फिल्म तिने एकदाच पाहिली.

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मार्टाइनने नेहमीसारखं सगळ्यांना विचारलं, “सगळं ठीक?” वसुधा म्हणाली, “हो, ऑल गुड.”

या ‘ऑल गुड’वर माझा राग आहे. पण हा शब्द तिचा एकटीचा नाही. नऊ-दहा वर्षं घरी बसून परक्या देशात पहिली नोकरी मिळालेल्या बायका असंच वागतात. पहिल्या वर्षी रजा मागायची नाही, आजारी पडायचं नाही, पोरीची शाळा आणि आईबापांचं आजारपण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवायचं. नाहीतर म्हणतील, बघा, घेतली आणि लगेच रडगाणं. आणखी एक गॅप. त्या आठवड्यात तक्त्यातला एप्रिलचा रकाना तिच्याकडे बघत राहिला. तिने मार्चचा आकडा पाहिला, त्यात एक दशांश मिळवला आणि रकाना भरून टाकला.

चार मेचा मंगळवार आला. तेव्हा काहीच आड येत नव्हतं. चैत्राली शाळेत गेली होती, ऊन पडलं होतं. वसुधा वही, पेन, मास्क घेऊन बसस्टॉपवर गेली. बस आली, दार उघडलं, प्लास्टिकच्या पडद्यामागून ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. बस गेली. ती बाकावर थोडा वेळ बसली, घरी आली आणि मेचा आकडाही भरला.

तिकडे तिच्या आकड्यांवर गावाचा कार्यक्रम ठरत होता. मेअखेर तिच्याच नावाने अहवाल गेला की नऊ महिने भेग स्थिर आहे, घंटा हाताने वाजवायला हरकत नाही. चर्चने तारीख धरली, सत्तावीस जून, रविवार. पंधरा महिन्यांत गावातली सतरा माणसं गेली होती, घंटेविना, गर्दीविना. सतरा नावं वाचायची आणि प्रत्येक नावाला एक टोला. पहिलं नाव खेरित बाकर.

आणि आता फुली दोन मिलिमीटरवर. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा.

घरी आल्यावर तिने राघवला झोपायच्या खोलीतल्या त्याच्या ऑफिसमधून बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. आकडे मनाने लिहिल्याचं तोही पहिल्यांदाच ऐकत होता. तो गोंधळला, मग त्याच्या सवयीप्रमाणे तोडगा काढायला लागला.

“अगं, सिंपल आहे. जूनचापण तसाच टाक. कोण येतंय चेक करायला?”

“आणि घंटा वाजली नि मनोऱ्याला काही झालं तर? खाली माणसं बसलेली असणार, राघव.”

“मग जूनचा खरा टाक.”

“खरा टाकला तर तक्त्यावर काय दिसेल? नऊ महिने स्थिर आणि एका महिन्यात एकदम दोन मिलिमीटर. म्हणजे मनोरा निघाला. उद्या चर्चभोवती कुंपण घालतील. आणि खरं काय ते मलाच माहीत नाही. मार्चपासून हळूहळू सरकली असेल तर कदाचित काहीच नाही. एका रात्रीत सरकली असेल तर भयंकर आहे. ते सांगणारे दोन आकडेच माझ्याकडे नाहीत.”

राघवने डोक्यावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “वसु, कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. घंटा कॅन्सल करायला सांग, काहीतरी रीझन दे आणि सोडून दे.”

तिला तेच बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. दमलेल्या माणसाला जवळचा रस्ता नेहमीच बरा वाटतो. दुसऱ्या दिवशी ती वेस्टरव्लीटला गेली ती घंटा रद्द करायचं सांगायलाच.

मेव्राउ बाकरना लशीचे दोन्ही डोस मिळाले होते. त्यांनी पहिल्यांदाच दार उघडून तिला आत घेतलं, कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्किट दिलं आणि डबा लावून टाकला. वसुधाने बिस्किट हातातच धरून सांगितलं, “घंटा वाजवता येणार नाही. भेग उघडली आहे.”

“किती?”

“दोन मिलिमीटर.”

“मग बरोबर आहे,” मेव्राउ बाकर म्हणाल्या. “झाडांना पालवी फुटली ना.”

वसुधाला काही कळेना. म्हातारी उठली आणि कपाटातून एक जाड, कोपरे झिजलेली वही घेऊन आली. खेरितच्या आजोबांनी १९११ मध्ये सुरू केलेली. भेगेत लाकडाची पाचर घालायची, किती आत जाते ती खूण मोजायची आणि लिहायची, महिन्यातून एकदा. आजोबांचं अक्षर, मग वडिलांचं, मग खेरितचं. मनोऱ्याच्या कडेला लिंडनची सहा मोठी झाडं आहेत. वसंतात पानं आली की झाडं जमिनीतलं पाणी ओढतात, माती आक्रसते, मनोरा जरासा कलतो आणि भेग उघडते. ऑगस्टअखेर पावसाने माती पुन्हा भिजली की मिटते. एकशे दहा वर्षं दर साल हेच.

“हे तुम्ही तपासणीच्या वेळी सांगितलं नाही?”

“सांगितलं. ते म्हणाले, आम्ही मोजून बघू. वही कोणी मागितली नाही.”

वसुधा पानं उलटत गेली. मधे मधे ओळी होत्या ज्यांत आकडा नव्हता, पण त्या रिकाम्याही नव्हत्या. फेब्रुवारी १९४५: मोजलं नाही. जिन्याचं लाकूड लोकांनी जाळायला नेलं. जुलै १९५८: मोजलं नाही. गवताची कापणी. आणि मग वेगळ्या, थरथरत्या अक्षरात, मार्च २०२०: मोजलं नाही. खेरित दवाखान्यात. एप्रिल ते ऑगस्ट: मोजलं नाही. खेरित नाही. त्याच अक्षरात सप्टेंबरपासून वसुधाचे आकडे होते, तिने काचेबाहेरून ओरडून सांगितलेले. या वर्षीच्या मार्चनंतर दोन ओळींवर नुसते महिने होते, एप्रिल आणि मे.

“तुझा जून या वहीशी जुळतो,” मेव्राउ बाकर म्हणाल्या. “तुझ्या साहेबाला दाखव. या दोन ओळी तुझ्याही कागदावर रिकाम्याच असतील.”

“नाहीत,” वसुधा म्हणाली. मग एवढी वाट चालून आल्यावर आणखी खोटं वाहून न्यायची ताकदच तिच्यात उरली नाही. “त्या मी भरल्या. घरी बसून. मी आलेच नव्हते.”

“तू आली नव्हतीस ते मला माहीत आहे. दोन्ही वेळा किल्ली दिवसभर खिडकीत होती. मला वाटलं, तू तसं लिहिलं असशील.” मेव्राउ बाकरांचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला. “अहवाल आला तेव्हा मला वाटलं, ते दोन महिने वगळूनच लिहिला असणार. त्याच्यावर आम्ही तारीख धरली. त्या घंटेखाली सगळं गाव बसणार होतं. माझी नातवंडं बसणार होती.”

वसुधाने मान खाली घातली. कारण सांगता आलं असतं. पण त्या क्षणी कारण सांगणं म्हणजे सूट मागणं झालं असतं, आणि सूट मागण्याजोगं तोंड आपल्याला उरलेलं नाही असं तिला वाटलं. म्हातारीने पावाच्या रिकाम्या पिशवीत वही गुंडाळली आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

“घेऊन जा. पण ही दाखवशील तर तुझंही खरं दाखवावं लागेल. त्याशिवाय जुळणार नाही.”

तेच तर होतं. खोटे आकडे तसेच ठेवले तर मनोरा एका महिन्यात ढासळायला निघालेला दिसणार, वहीत काही लिहिलेलं असो. ते खोटे आहेत म्हटलं तरच मनोरा शहाणा ठरणार आणि वसुधा खोटी. खेरितची घंटा वाजायची तर वसुधाची नोकरी जायची, सरळ हिशेब होता.

रात्रभर कूस बदलून सकाळी ती स्लोटरडाइकला गेली. मार्टाइनला तिने नऊ महिन्यांत पहिल्यांदाच सबंध, पायांसकट पाहिलं. तो दीड मीटर लांब बसला होता. तिने सगळं सांगितलं, वडिलांसकट, क्रम न चुकवता. वडील गेल्याचं वाक्य तिने एखाद्या अहवालातल्या कलमासारखं म्हटलं, फॅमिली सर्कमस्टन्सेस, एप्रिल.

“एका ओळीचा मेल पुरला असता,” तो म्हणाला. “मी स्वतः गेलो असतो मोजायला. किंवा कोणीच गेलं नसतं. रिकामा रकाना चालतो, वसुधा. दर वर्षी दोन-चार असतातच.”

रिकामा रकाना चालतो! ज्या भीतीने तिने हे सगळं केलं ती भीती त्या माणसाच्या लेखी नव्हतीच. वसुधाला हसू आलं असतं, पण हसायलाही त्राण लागतं. मार्टाइनने पुढचंही तितक्याच सरळ सांगितलं, डच लोक सांगतात तसं. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. आत्ता येऊन सांगितलंस ते बरं केलंस. करार ऑगस्टमध्ये संपेल, वाढणार नाही. आमच्या धंद्यात आकड्यावर विश्वास एवढंच आमच्याकडे असतं. त्यात तिला काही चूक सापडेना. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

अहवाल मागे घेतला गेला. दोन दिवसांनी एक वयस्क इंजिनिअर वेस्टरव्लीटला गेला, बेचाळीस पायऱ्या चढला, पाया तपासला, लिंडनची झाडं पाहिली आणि मग चर्चमध्ये बसून तीन तास ती वही वाचत राहिला. त्याने लिहून दिलं की मनोरा दर वर्षीसारखाच हलतो आहे. सतरा टोले, हाताने, सावकाश, मोजणीची यंत्रं लावून. परवानगी आहे.

राघव एवढंच म्हणाला, “बरं झालं बाई, सुटलीस.” तो रागावला नव्हता, हिरमुसला होता, आणि ते लपवण्यासाठी त्याने त्या दिवशी पोळ्याही केल्या. कोणत्या तरी देशाच्या नकाशासारख्या झालेल्या त्या पोळ्या चैत्रालीने खाल्ल्या आणि डचमध्ये विचारलं, आई आता घरी असणार का? वसुधा म्हणाली, थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, हे मागच्या वेळीही कोणाला माहीत नव्हतं.

शुक्रवारी, घंटेच्या दोन दिवस आधी, ती वही परत करायला गेली. मेव्राउ बाकर चर्चमध्ये होत्या. लाकडी खुर्च्या दीड-दीड मीटरवर मांडत होत्या, दोन खुर्च्यांच्या मधलं अंतर एका काठीने मोजून. वसुधाने न विचारता दुसऱ्या बाजूने खुर्च्या लावायला घेतल्या. उंच खिडक्यांतून पांढऱ्या भिंतींवर ऊन आलं होतं. मांडून झाल्यावर म्हातारी शेवटच्या खुर्चीवर टेकली, पिशवीतून वही काढून तिने ते पान उघडलं आणि पेन्सिल पुढे केली.

“कारण लिही. या वहीत कारणाशिवाय ओळ सोडत नाहीत.”

“डचमध्ये?”

“तुला येतं तसं. मग मला वाचून दाखव.”

वसुधाने वही मांडीवर घेतली आणि मराठीत लिहिलं. एप्रिल २०२१. मोजलं नाही. बाबा गेले.

तिने ते वाचलं, आधी जसं लिहिलं तसं आणि मग डचमध्ये. बाबा गेले. अकरा आठवडे झाले होते. तिने अर्ज लिहिले, साहेबापुढे कलमं मांडली, नरेंद्रशी फोनवर दाखल्यांचं बोलणं केलं, पण हे दोन शब्द तिने कोणासमोर असे नुसते उच्चारलेच नव्हते.

“फोनमधले?” मेव्राउ बाकरनी विचारलं. “हात जोडायचे ते?”

“हो.”

म्हातारीने मान हलवली. चेहऱ्यावरची ती त्या दिवशीची लाली आता नव्हती. पुढे सरकून थांबली, अंतराचं लक्षात येऊन मागे झाली आणि मग सगळे नियम बाजूला ठेवून तिने वसुधाच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता आणि बराच वेळ तिथेच राहिला. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताचं बोट खालच्या ओळीवर गेलं.

“आणि मे?”

मेला काय लिहायचं? मेमध्ये कोणी आजारी नव्हतं. बस वेळेवर आली होती, दारही उघडलं होतं. जिना होता, फुली होती, किल्ली खिडकीत होती. वसुधा त्या ओळीकडे पाहत राहिली. भरून टाकावं असं या वेळी तिला वाटलं नाही. मग तिने पेन्सिल टेकवली आणि सावकाश लिहिलं.

मे २०२१. मोजलं नाही. दाखवायला कोणी नव्हतं.

हे मात्र तिला वाचून दाखवता आलं नाही, ना मराठीत ना डचमध्ये. ती वहीवर वाकून रडायला लागली, एप्रिलमध्ये रडायला हवं होतं तशी, मोठ्याने, लाज सोडून. मेव्राउ बाकरनी पानावर थेंब पडू नयेत म्हणून वही हळूच तिच्या मांडीवरून काढून घेतली आणि त्या तिच्या शेजारी बसून राहिल्या.